डिस्क शाबूत होत्या, घाई नडली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात गेल्या मे महिन्यात जे घडले, ते आपल्या अनेक वाचकांच्या कार्यालयात उद्या घडू शकते, म्हणून हे पत्र. वाचनालये, पतसंस्था, शाळा, छायाचित्रकारांचे स्टुडिओ, लहान छापखाने अशा ठिकाणी हल्ली तीन-चार हार्ड डिस्क बसवलेले संगणक सर्रास दिसतात, आणि ते विकताना 'एक डिस्क गेली तरी तुमचा डेटा जात नाही' असे आवर्जून सांगितले जाते. हे विधान खरे आहे. मात्र संगणक ज्या डिस्कवरून सुरू होतो ती बहुधा या संचाबाहेरची आणि एकटीच असते. ती गेली तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याबाबत विक्रेता, दुरुस्ती करणारा आणि आम्ही वापरणारे असे तिघेही बहुतेक वेळा अंधारात असतो.

आमचे वाचनालय तालुका 'ब' वर्गाचे. २०१९ पासून आम्ही जुनी स्थानिक साप्ताहिके, दिवाळी अंक आणि गावातील कुटुंबांनी विश्वासाने हाती दिलेली हस्तलिखिते स्कॅन करून ठेवत आहोत. ए-४ आकाराचे एक पान ४०० डीपीआयला रंगीत घेतले की त्याची मूळ टिफ प्रत सुमारे ४६ एमबीची होते. अशी लाखभर पाने, म्हणजे साडेचार टीबीहून थोडा अधिक डेटा आमच्याकडे जमला आहे. त्यासाठी प्रत्येकी ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क 'रेड ५' पद्धतीने जोडलेल्या होत्या आणि संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीसाठी १२० जीबीची एक छोटी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) होती. ('रेड' म्हटले की आमच्या कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांना अजूनही आयकर खात्याची धाड आठवते, आणि हा विषय सभेत निघाला की ते अस्वस्थ होतात.) रेडची कल्पना १९८८ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, आणि त्यांतली एखादी कधी ना कधी बिघडणारच हे धरून थोडी जागा जादा माहितीसाठी राखावी, असा तो विचार आहे.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक असल्याने ही जादा माहिती बेरजेच्या उदाहरणाने सांगतो, कारण पुढे नेमके काय बिघडले ते त्यावाचून कळणार नाही. तीन डिस्कवर ७, ५ आणि ९ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहिली आहे, असे समजा. ५ ची डिस्क गेली तरी २१ मधून ७ आणि ९ वजा केले की ५ परत मिळतात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी 'एक्सॉर' नावाची क्रिया असते आणि बेरीज लिहिण्याचे काम चारही डिस्ककडे आळीपाळीने येते, पण तत्त्व तेच. म्हणूनच १६ टीबीच्या डिस्क विकत घेऊन वापरायला १२ टीबी मिळतात.

त्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस आला आणि स्कॅनिंग चालू असतानाच वीज गेली. यूपीएसची बॅटरी थकलेली होती; ती बदलण्याचा विषय कार्यकारिणीच्या दोन सभांत पुढे ढकलला गेला होता, आणि ढकलणाऱ्यांत मीही होतो. वीज परत आल्यावर संगणक सुरू केला तर काळ्या पडद्यावर 'सुरू होण्याजोगे साधन सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. एसएसडी गेली होती. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा आवाज करते, मंदावते, काही ना काही चाहूल देते. एसएसडी मात्र अनेकदा सकाळी असते आणि दुपारी नसते.

आमच्या ग्रंथपालबाईंनी नेहमीच्या दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला बोलावले. तो तत्परतेने आला, त्याने एसएसडी निकामी झाल्याचे बरोबर ओळखले, आणि मग 'डेटा तरी आहे का बघू' म्हणून चारपैकी एक हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या खोबणीतून आपल्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवर विंडोज होते. विंडोजला लिनक्सच्या रेडची भाषा येत नाही. तिला ती डिस्क अनोळखी आणि कोरी वाटली, आणि डिस्क वापरण्याआधी ती 'इनिशियलाइझ' करावी लागेल अशी चौकट पुढे आली. त्याने 'ओके' दाबले. मग 'ही रिकामीच आहे' असे सांगून तो दुसरी डिस्क काढू लागला, तेव्हा बाईंना शंका आली आणि त्यांनी मला फोन केला. त्या एका फोनमुळे दुसरी डिस्क वाचली. दोन डिस्कवर 'ओके' दाबले गेले असते, तर हे पत्र बरेच वेगळे झाले असते.

माझा भाचा पुण्यात सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत आहे. त्याला फोन लावला तर त्याचे पहिले वाक्य होते, "मामा, आता कशालाही हात लावू नका, कोणती डिस्क कुठल्या खणात होती तेवढे कागदावर लिहा." शनिवारी तो स्वतः आला, आणि त्याच्या शेजारी बसून मी जे पाहिले ते इथे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वसाधारण समज असा असतो की रेडची मांडणी संगणकाच्या मुख्य डिस्कमध्ये कुठे तरी साठवलेली असते, आणि ती गेली म्हणजे चार डिस्कचा अर्थ लावणारी किल्लीच हरवली. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये तसे नसते. संचातील प्रत्येक डिस्कवर 'सुपरब्लॉक' नावाची एक छोटी नोंद असते. तीत संचाचा एकमेव ओळखक्रमांक, रेडची पातळी (आमची ५), एकूण डिस्क किती, या डिस्कचे स्थान कितवे, डेटा ज्या तुकड्यांत डिस्कवर वाटला जातो त्यांचा आकार केवढा, खरा डेटा डिस्कवर कुठून सुरू होतो, आणि संचात आतापर्यंत किती घडामोडी झाल्या याचा चढता आकडा, हे सगळे लिहिलेले असते. मुख्य डिस्कवरच्या फायलीत जे असते ते यातले थोडे, आणि बरेचसे सोयीपुरते. म्हणून चारही डिस्क धड असतील तर कोणत्याही दुसऱ्या लिनक्स संगणकाला त्या जोडाव्यात, 'एमडीएडीएम' या आज्ञावलीला 'असेंबल' आणि 'स्कॅन' एवढे सांगावे, आणि संच उभा राहावा, इतके ते साधे असते. नील ब्राउन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००१ च्या सुमारास लिहिलेली ही आज्ञावली बहुतेक सर्व लिनक्स प्रणालींवर फुकट मिळते. नव्या संगणकावर संचाचे नाव बहुधा 'एमडी १२७' असे अपरिचित दिसते, कारण नव्या प्रणालीला तो आपला वाटत नाही. त्याने घाबरू नये, आतला मजकूर तोच असतो.

आमच्याकडे हे पाच मिनिटांचे काम राहिले नव्हते. भाच्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि 'एक्झामिन' ही फक्त वाचणारी आज्ञा एकेका डिस्कवर चालवली. तीन डिस्कनी आपले सुपरब्लॉक नीट दाखवले. तिघींचा ओळखक्रमांक एकच, घडामोडींचा आकडाही एकच. चौथीने मात्र 'एए५५' एवढा एक शिक्का आणि विभागणीची एक ओळ दाखवली. कारण असे की आमचा संच बांधणाऱ्याने डिस्कवर आधी विभाग न पाडता संपूर्ण डिस्कच रेडला देऊन टाकली होती. अशा वेळी प्रचलित १.२ आवृत्तीचा सुपरब्लॉक डिस्कच्या आरंभापासून ४ केबी अंतरावर बसतो; आणि 'इनिशियलाइझ' करताना लिहिला जाणारा जीपीटी हा विभागणीचा तक्ता डिस्कचे पहिले साधारण १७ केबी व्यापतो. एक 'ओके' आणि ओळखपत्र पुसले गेले. डिस्कवर एकच मोठा विभाग पाडून तो रेडला दिला असता, तर विंडोजला आधीचा तक्ता दिसला असता आणि ती चौकट आलीच नसती. काही मदरबोर्डही अशा विभाग नसलेल्या डिस्कवर जीपीटीची 'दुरुस्ती' करून बसतात, तेव्हा नवा संच बांधणाऱ्यांनी ही दोन मिनिटांची मेहनत जरूर घ्यावी.

चारपैकी एक गेली तरी तीन पुरतात, मग अडचण कोठे, असे मीही विचारले. भाच्याने संच उभा करण्याची आज्ञा दिली तेव्हा लिनक्सने साफ नकार दिला. नोंदीत जी ओळ उमटली तिचा अर्थ असा, की संच अस्वच्छ आहे आणि त्यातील एक डिस्कही नाही, म्हणून तो सुरू करता येत नाही. पुन्हा आपल्या बेरजेकडे येऊ. वीज गेली त्या क्षणी ७ चे ८ लिहून झाले होते आणि चौथ्या डिस्कवर २१ चे २२ व्हायचे राहिले होते, असे समजा. चारही डिस्क हाताशी असत्या, तर लिनक्सने बेरीज पुन्हा करून २२ लिहिले असते आणि विषय संपला असता. पण ५ ची डिस्कच नसेल तर तो आकडा २१ मधून ८ आणि ९ वजा करून काढावा लागतो, आणि मग ५ च्या जागी ४ येतात. यात कुठेही चूक झाल्याचे कळत नाही. अनर्थ असा, की बिघडते ते ज्या पानावर काम चालले होते तेवढेच पान नव्हे. त्याच पट्टीत, म्हणजे ज्या तुकड्यांची बेरीज एकत्र केली जाते त्या ओळीत, शेजारी निवांत पडलेला, वर्षांपूर्वी लिहिलेला मजकूरही चुकीचा होऊ शकतो. लिनक्सचा नकार हा शहाणपणाचा नकार होता. वीज जाण्याने एक धोका निर्माण केला होता, आणि तो निस्तरण्याची सोय त्या 'ओके'ने काढून घेतली होती.

नकार मिळाल्यावर बहुतेक माणसे इथेच घोडचूक करतात. एमडीएडीएमला 'क्रिएट' असा आणखी एक हुकूम आहे. नाव मोहात पाडणारे आहे आणि इंटरनेटवर घाईघाईने दिलेल्या सल्ल्यांत तो अनेकदा सुचवलाही जातो. तो जुना संच शोधत नाही, नवा बांधतो. उरलेल्या सुपरब्लॉकवर नवे सुपरब्लॉक लिहितो. आणि डिस्कचा क्रम, तुकड्याचा आकार किंवा डेटा सुरू होण्याचे अंतर यांपैकी एक जरी चुकले तरी नवी बेरीज करण्याच्या भरात जुना डेटा पुसत जातो. हे अंतरही एमडीएडीएमच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत आपोआप वेगळे धरले गेले आहे, त्यामुळे 'पूर्वी असेच केले होते' ही आठवण पुरत नाही. हा हुकूम शेवटचा उपाय म्हणून, पुरेपूर जाणणाऱ्यानेच आणि डिस्कच्या नकलांवरच वापरावा.

भाच्याने आधी तिन्ही डिस्कवर आच्छादने घातली. म्हणजे असे, की वाचायचे ते मूळ डिस्कवरून, पण लिहिण्याची वेळ आली की ते लिखाण दुसऱ्या डिस्कवरील एका फायलीत वळवायचे. मूळ डिस्कवर एक अक्षरही उमटत नाही. या आच्छादनांवर त्याने 'फोर्स' म्हणजे जबरीचा पर्याय देऊन संच उभा केला. तो उभा राहिला. वीज गेल्यामुळे फाइल प्रणालीची अर्धवट राहिलेली नोंदवहीही आच्छादनावरच पूर्ण झाली, आणि १९३० च्या दशकातील साप्ताहिकांचे फोल्डर पडद्यावर दिसले तेव्हा बाईंनी न विचारता चहा ठेवला. त्याच अवस्थेत सगळा डेटा ८ टीबीच्या नव्या यूएसबी डिस्कवर उतरवून घेतला. त्याला जवळजवळ अकरा तास लागले.

उतरवून घेण्यापूर्वी चौथी डिस्क पुन्हा जोडण्याची घाई त्याने केली नाही, याचे कारण मला फार पटले. नवी डिस्क भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे आमच्या बाबतीत १२ टीबी. घरगुती वापराच्या अनेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीची कमाल मर्यादा १०० लाख कोटी बिटांमागे एक, म्हणजे साडेबारा टीबीमागे एक, अशी दिलेली असते. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या वागतात. तरीही जुन्या डिस्ककडून सर्वांत मोठे काम करून घ्यायचे ते डेटाची दुसरी प्रत खिशात नसताना कशासाठी? प्रत झाल्यावर मग खऱ्या डिस्कवर तीच कृती केली, चौथी पुसून संचात घेतली, आणि रात्रभरात, सुमारे नऊ तासांत, संच पूर्ण झाला. ज्या अंकाचे स्कॅनिंग चालू होते त्याची तीन पाने उघडली नाहीत. ती पुन्हा स्कॅन केली. शेजारचा मजकूर बिघडला आहे का ते पाहण्यासाठी बाई आणि दोन विद्यार्थिनी अजून रोज थोडी थोडी पाने उघडून पाहत आहेत, कारण फायलींचे पडताळणी-अंक (फाइल बदलली आहे का ते ओळखण्यासाठी तिच्या मजकुरावरून काढलेले आकडे) आम्ही कधी काढून ठेवलेच नव्हते.

नवी प्रणाली बसवतानाही एक पथ्य होते. नव्या एसएसडीवर लिनक्स घालताना चारही हार्ड डिस्कच्या तारा काढून ठेवल्या होत्या, म्हणजे चुकीच्या डिस्कवर प्रणाली बसण्याचा प्रश्नच उरला नाही. नंतर संचाचा ओळखक्रमांक प्रणालीच्या नोंदीत लिहिला, बूट-प्रतिमा, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल, नव्याने तयार केली, आणि संच न सापडल्यासही संगणक अडून न बसता सुरू व्हावा अशी सूचना त्यात घातली. लिनक्स डिस्कना देते ती 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे तारा बदलल्या की बदलतात, म्हणून प्रत्येक डिस्कवर तिचा अनुक्रमांक आणि संचातील स्थान लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे.

आमचे उदाहरण लिनक्सचे असले, तरी इतर पद्धतींतही पहिल्या तासाची जोखीम अशीच असते. मदरबोर्डवरच्या रेडमध्ये बोर्डावरील छोटी बॅटरी संपली वा बोर्ड बदलला की सेटिंग 'रेड'वरून 'एएचसीआय' या साध्या, सुट्या डिस्कच्या पद्धतीवर जाते आणि डिस्क सुट्या दिसू लागतात. सेटिंग पूर्ववत करण्याआधी काहीही लिहू नये. स्वतंत्र रेड कार्ड बदलले तर नवे कार्ड डिस्कवरची मांडणी 'फॉरेन' म्हणून दाखवते आणि 'इंपोर्ट' की 'क्लिअर' असे विचारते. यातील दुसरा पर्याय दाबणाऱ्याला पुढे फार पस्तावावे लागते. झेडएफएस (रेडची सोय स्वतःतच असलेली फाइल प्रणाली) वापरणाऱ्यांना 'झेडपूल इंपोर्ट' ही आज्ञा पुरते. डिस्क कूटबद्ध असतील आणि त्यांची किल्ली फक्त मेलेल्या एसएसडीवरच असेल, तर मात्र वर सांगितलेल्या कशाचाही उपयोग नाही. ती किल्ली आजच दुसरीकडे ठेवावी.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या तरुणावर माझा राग नाही. त्याला दिवसाला आठ-दहा ठिकाणी जायचे असते आणि रेड त्याला कोणी शिकवलेली नाही. माझी तक्रार व्यवस्थेविषयी आहे. वार्षिक देखभाल करारात 'डेटाची जबाबदारी आमची नाही' ही ओळ असते, पण डेटा असलेल्या डिस्कला संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या संगणकाला जोडणार नाही, ही ओळ कोणत्याच करारात माझ्या पाहण्यात नाही. ती असावी, आणि जॉबशीटवर कोणती डिस्क काढली, कशाला जोडली, याची नोंद असावी. डिजिटायझेशनची जी अंदाजपत्रके मी पाहिली, त्यांत स्कॅनर असतो, संगणक असतो, मजुरी असते. दुसऱ्या जागी ठेवायच्या प्रतीसाठी एक डिस्क कधीच नसते, कारण 'रेड आहे ना' हे उत्तर तयार असते. चुकून पुसलेली फाइल रेड चारही डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे; त्या काळी दप्तर म्हणजे कपाट आणि कुलूप होते. आज अनुदानित ग्रंथालयांची तपासणी करताना दाखल पुस्तकांबरोबर अशा प्रतीचीही विचारणा झाली, तर निदान सभेत हा विषय पुढे ढकलता येणार नाही.

आम्ही आता ८ टीबीची ती डिस्क दर महिन्याला अद्ययावत करून शाळेच्या कपाटात ठेवतो, आणि यूपीएसची बॅटरी बदलली आहे. संचाची पूर्ण माहिती, डिस्कचे अनुक्रमांक, प्रणालीच्या दोन-तीन नोंदफायली आणि 'या डिस्क विंडोजला जोडू नयेत' ही ठळक ओळ असा एक पानी तक्ता संगणकाच्या पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवला आहे. त्याची दुसरी प्रत दाखल नोंदवहीत आहे. कोणा संस्थेला तो नमुना म्हणून हवा असेल, तर वाचनालयाच्या वेळेत येऊन उतरवून घेण्यास हरकत नाही.

आपला विश्वासू,
कार्यवाह, एक तालुका वाचनालय
सातारा जिल्हा